वॉटसन्स हॉटेल ते एस्प्लनेड मॅन्शन : काळा घोडा परिसरातील एका लोखंडी वास्तूचा इतिहास

प्रस्तावना

एप्रिल २०१३ मध्ये पश्चिम रेल्वेची उपनगरी सेवा डहाणू रोडपर्यंत वाढविण्यात आली आणि डहाणू, तलासरी परिसरातील विद्यार्थी, नोकरदार व न्यायालयीन कामासाठी जाणारे पक्षकार यांना चर्चगेट अधिक जवळचे झाले. चर्चगेट स्थानकातून बाहेर पडून ओव्हल मैदान ओलांडले, उच्च न्यायालय व मुंबई विद्यापीठ यांच्या इमारती मागे टाकल्या, की थोड्याच वेळात काळा घोडा हा परिसर लागतो. डेव्हिड ससून ग्रंथालय, एल्फिन्स्टन महाविद्यालय, जहांगीर कलादालन या वास्तूंमुळे तो सुशिक्षितांस परिचित आहे. मात्र याच परिसरात महात्मा गांधी मार्गावर उभी असलेली, गंजलेल्या खांबांची व मोडकळीस आलेल्या सज्ज्यांची एक पाच मजली इमारत बहुतेकांच्या नजरेतून निसटते. ही इमारत म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, पूर्वीचे वॉटसन्स हॉटेल होय.

स्थापत्य, चित्रपट, वसाहतकालीन समाजव्यवस्था आणि नागरी कायदा अशा चार भिन्न ज्ञानशाखांच्या अभ्यासकांना या एकाच वास्तूपाशी यावे लागते. असे असूनही मराठीत तिच्याविषयी जे लिहिले जाते ते बहुधा दोन वाक्यांत आटोपते : येथे भारतातील पहिला चित्रपट दाखविला गेला आणि येथे जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला गेला. यांपैकी पहिले विधान खरे आहे, दुसऱ्याविषयी बरेच बोलता येण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखात या वास्तूच्या उभारणीपासून ती रिकामी होईपर्यंतचा प्रवास मांडला आहे.

तटबंदी, मोकळे मैदान आणि कापसाचा पैसा

अठराव्या शतकात मुंबईचे मूळ शहर तटबंदीच्या आत होते. तटाबाहेरची जमीन मोकळी ठेवलेली असे, कारण शत्रू चालून आल्यास तोफांच्या माऱ्यात अडथळा नको. या मोकळ्या मैदानास ‘एस्प्लनेड’ म्हणत. पुढे शत्रूची भीती उरली नाही, पण तट मात्र राहिला, आणि त्याच्या आत दाटी, घाण व रोगराई वाढत गेली. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत १८६२ पासून तट पाडण्याचे काम सुरू झाले. अपोलो गेट, चर्च गेट, बाजार गेट हे दरवाजे नाहीसे झाले. चर्चगेट स्थानकाच्या नावात त्यांपैकी एक दरवाजा अद्याप शिल्लक आहे.

याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१-६५) चालू होते. दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला न भूतो असा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या भागांवर सट्टा झाला आणि युद्ध संपताच १८६५ च्या जुलैत सारा डोलारा कोसळला. तट पाडल्याने मोकळ्या झालेल्या भूखंडांची विक्री या तेजीच्या काळातलीच. ते घेणाऱ्यांत जॉन हडसन वॉटसन हा इंग्रज कापडव्यापारी होता. मुंबईतील गोऱ्या वस्तीला उंची कापड व तयार कपडे पुरविणारे त्याचे दुकान होते आणि नव्या, हवेशीर जागेत मोठी इमारत बांधण्याचा त्याचा मानस होता.

या ठिकाणी कालनिश्चितीचा एक मुद्दा स्पष्ट करणे अगत्याचे आहे. अनेक ग्रंथांत व वृत्तपत्रीय लेखांत ही इमारत १८६० ते १८६३ या काळात बांधली गेली असे छापलेले आढळते. परंतु तट पाडण्यास आरंभच १८६२ मध्ये झाला आणि भूखंड त्यानंतर विकले गेले. तेव्हा ज्या जमिनीवर इमारत आहे ती जमीन मोकळी होण्यापूर्वी इमारत उभी राहिली असे मानावे लागेल, जे संभवत नाही. ब्रिटिश वास्तु-इतिहासकार जोनाथन क्लार्क यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात तिचा काळ १८६७ ते १८७१ असा निश्चित केला आहे व तोच ग्राह्य धरावयास हवा. एकाने लिहिलेले दुसऱ्याने उतरवून घ्यावे व तिसऱ्याने त्या दोघांचा आधार द्यावा, या आपल्या जुन्या सवयीचे हे एक उदाहरण म्हणता येईल. हॉटेल प्रत्यक्षात सुरू झाले ते १८७१ मध्ये.

लोखंडाचा सांगाडा

इमारतीचा आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश (१८२४-१८८६) या अभियंत्याने तयार केला. ऑर्डिश हा त्या काळातील लोखंडी बांधकामाचा जाणकार. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या कामात त्याचा सहभाग होता आणि सेंट पँक्रास स्थानकाच्या भव्य छतावर व टेम्स नदीवरील अल्बर्ट पुलावरही त्याने काम केले. वॉटसनच्या इमारतीचे खांब, तुळया व सज्ज्यांचे भाग इंग्लंडमध्ये डर्बी येथील फीनिक्स फाउंड्री या कारखान्यात ओतले गेले. ते जहाजाने मुंबईस आले व जागेवर जोडण्यात आले. आज आपण ज्याला पूर्वनिर्मित बांधकाम म्हणतो, त्याचा हा आरंभीचा व धाडसी नमुना होय.

या रचनेचे महत्त्व समजण्यासाठी इमारतीचे वजन जमिनीपर्यंत कसे पोहोचते, याचा विचार करावा लागतो. दगडाविटांच्या नेहमीच्या बांधकामात भिंतच भार वाहते. मजले वाढतील तसा खालच्या भिंतींवरील भार वाढतो, म्हणून त्या अधिकाधिक जाड कराव्या लागतात. जाड भिंतीत मोठी खिडकी ठेवणे अवघड, आणि तळमजल्याची बरीच जागा भिंतीच खातात. याउलट सांगाड्याच्या पद्धतीत मजल्याचा भार तुळईवर, तुळईचा खांबावर आणि खांबाचा पायावर जातो. भिंत ही केवळ ऊन, पाऊस व परक्याची नजर अडविणारा पडदा उरते.

हे तत्त्व आपल्याकडे अपरिचित नव्हते. पेशवाईतील वाड्याचे खण लाकडी खांब व तुळयांवर उभे असत. डहाणू-तलासरीतील वारली घरांत तर ते अधिकच उघडपणे दिसते. छपराचा भार लाकडी मेढींवर असतो आणि कारवीच्या काड्यांचा, शेणामातीने लिंपलेला कूड कसलाही भार वाहत नाही. कूड पडला तरी घर उभे राहते. वॉटसनच्या इमारतीत लाकडाची जागा लोखंडाने घेतली आणि एका मजल्याऐवजी पाच मजले एकावर एक चढले. नवे होते ते तत्त्व नव्हे. त्याचे परिमाण व साहित्य नवे होते. तुळया व खांब यांचे सांधे घट्ट बांधून वाऱ्याच्या आडव्या दाबाला सांगाड्यानेच तोंड द्यावे, ही योजना मात्र खऱ्या अर्थाने अभियांत्रिकी बुद्धीची होती.

जगाच्या संदर्भात पाहता या इमारतीचा क्रम फार वरचा लागतो. इंग्लंडमधील शिअरनेस येथील आरमाराचे बोटींचे कोठार (१८५८-६०) हे बहुमजली लोखंडी सांगाड्याचे आद्य उदाहरण. पण ते कोठार आहे, माणसांच्या राहण्याची जागा नव्हे. फ्रान्समधील न्वाझिएल येथील मेनिए चॉकलेट कारखान्याची प्रसिद्ध इमारत १८७२ मध्ये पूर्ण झाली. गगनचुंबी इमारतींची जननी म्हणून ज्या शिकागोच्या होम इन्शुरन्स इमारतीचा सर्वत्र उल्लेख होतो, ती १८८५ ची. म्हणजे वस्तीयोग्य बहुमजली लोखंडी इमारतींपैकी आज उभ्या असलेल्यांत वॉटसन्स ही सर्वांत जुन्या इमारतींत मोडते. क्लार्क यांच्या मते ती सर्वांत जुनीच होय. स्थापत्याच्या पाठ्यपुस्तकांत शिकागोचे चित्र असते आणि मुंबईचे नसते, ही गोष्ट आपल्या अध्यापनाविषयी काही सांगते.

एक प्रश्न येथे सहज उद्भवतो. मुंबईच्या उत्तरेस डहाणूपर्यंत पसरलेल्या जंगलांतून उत्तम सागवान शहरात येत असता, आणि १८६० च्या दशकातच मुंबई-बडोदा व मध्य हिंदुस्थान रेल्वेचा मार्ग याच भागातून मुंबईपर्यंत पोहोचला असता, सातासमुद्रापलीकडून लोखंड कशासाठी आणावे? याचे उत्तर केवळ टिकाऊपणात सापडत नाही. आगीची धास्ती होती, दाट वस्तीत उंच इमारत हवी होती, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नवेपणाचे प्रदर्शन हवे होते. फरशा, विटा व सिमेंट यांसारख्या वस्तूही इंग्लंडहून मागविण्यात आल्या. आपल्या देशाचा एक तुकडा येथे आणून बसविल्याचा आभास गोऱ्या ग्राहकास व्हावा, हा व्यापारी हिशेब त्यामागे दिसतो.

ओतीव लोखंडाचा एक गुणधर्म मात्र ध्यानात ठेवावयास हवा, कारण पुढील कथेत त्याचा संबंध येतो. ते दाब उत्तम सोसते, म्हणून खांबास योग्य; परंतु ताण सोसत नाही. घडीव लोखंड वा पोलाद तुटण्यापूर्वी वाकते व धोक्याची सूचना देते. ओतीव लोखंड मात्र काचेप्रमाणे एकाएकी तडकते.

पाहुणे आणि सेवक

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता रेल्वेमार्ग जोडला गेला. युरोपातून येणाऱ्याच्या दृष्टीने मुंबई हे हिंदुस्थानचे महाद्वार बनले. वॉटसन्स हॉटेल उघडले ते नेमक्या या क्षणी. सुमारे १३० खोल्या, तळमजल्यावर भोजनगृह व मद्यगृह, मध्यभागी काचेच्या छताचे प्रशस्त दालन आणि चारी बाजूंनी रुंद सज्जे असा त्याचा थाट होता. आरंभीच्या काळात येथे इंग्रज परिचारिका जेवण वाढीत असत. मूळ मालक वॉटसन याला या वैभवाचा उपभोग मिळाला नाही; त्याचे १८७१ मध्येच निधन झाले.

येथे उतरलेल्या पाहुण्यांत सर्वांत उल्लेखनीय नाव अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांचे. व्याख्यानांच्या जगप्रवासात १८९६ च्या जानेवारीत ते मुंबईस आले. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवासग्रंथात या मुक्कामाचे वर्णन आहे. पहाटेपासून चाललेला कावळ्यांचा कलकलाट, व्हरांड्यातील सेवकांची वर्दळ यांवर त्यांनी विनोदी शैलीत लिहिले आहे. परंतु त्याच प्रकरणात एक प्रसंग असा येतो की तेथे विनोद थांबतो. सज्ज्याकडील दार नीट लागत नव्हते. एक देशी सेवक गुडघे टेकून ते दुरुस्त करीत होता. सोबतच्या धिप्पाड जर्मन इसमास ते काम पसंत पडले नाही आणि चूक काय हे न सांगताच त्याने सेवकाच्या थोबाडीत मारली. सेवकाने ती मुकाट्याने सोसली. त्याच्या मुद्रेवर रागाची छटाही उमटली नाही. ट्वेन लिहितात की असे दृश्य त्यांनी पन्नास वर्षांत पाहिले नव्हते, आणि त्या एका थपडेने त्यांना गुलामगिरी असलेल्या मिसूरी प्रांतातील आपल्या बालपणात नेऊन सोडले.

वॉटसन्स हॉटेलसंबंधी उपलब्ध असलेल्या मजकुरात हा उतारा सर्वांत मोलाचा मानावा लागेल. हॉटेलच्या जाहिराती खोल्या, पंखे व पक्वान्ने यांविषयी सांगतात. खोल्या झाडणारे, पंखे ओढणारे, पाणी वाहणारे हात त्यांत नाहीत. त्या सेवकाचे नाव ट्वेनलाही ठाऊक नव्हते. डहाणू-तलासरीच्या वाचकास मात्र तो अनोळखी वाटू नये. मार निमूट सोसण्याची ही रीत येथील वेठबिगारीतही होती आणि ती मोडण्यासाठी १९४५ साल उजाडावे लागले. झरी येथील सभेनंतर वारली शेतमजुरांनी वेठीस नकार दिला, त्याचा इतिहास गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात नोंदविला आहे. हॉटेलातील थप्पड आणि खळ्यावरील चाबूक यांत प्रमाणाचा फरक आहे. ज्या गृहीतावर दोन्ही उभे होते ते एकच.

७ जुलै १८९६

ल्युमिए बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमधील ग्रां काफे या उपाहारगृहाच्या तळघरात चलच्चित्रांचा पहिला सशुल्क खेळ केला. योगायोग असा की त्या दालनाचे नाव ‘सालाँ आंदिएँ’, म्हणजे ‘भारतीय दालन’ असे होते. त्यानंतर जेमतेम सहा महिन्यांनी, ७ जुलै १८९६ रोजी, त्यांचा प्रतिनिधी मारिउस सेस्तिए याने वॉटसन्स हॉटेलात मुंबईतील पहिला खेळ केला. सेस्तिए ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होता व मुंबई हा वाटेतला टप्पा होता. प्रवेशमूल्य एक रुपया होते. संध्याकाळपासून रात्रीपर्यंत त्याच खेळाची आवर्तने झाली आणि सहा छोटी चित्रे दाखविण्यात आली. त्यांत स्थानकात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार व एका भिंतीचे पाडकाम यांचा समावेश होता.

हॉटेलचे हे दालन प्रामुख्याने युरोपीय समाजासाठी होते आणि एक रुपया ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. सामान्य मुंबईकरापर्यंत हा चमत्कार पोहोचला तो पुढील आठवड्यात, नॉव्हेल्टी नाट्यगृहात खेळ सुरू झाल्यावर. तेथे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत होते आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी सोय करण्यात आली होती. तेव्हा भारतीय चित्रपटाचा आरंभबिंदू म्हणून वॉटसन्सचे नाव घेताना भारतीय प्रेक्षकाचा आरंभबिंदू नॉव्हेल्टी आहे, हे भान ठेवणे इष्ट होय.

या खेळांनी प्रभावित झालेल्यांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा हे छायाचित्रकार होते. त्यांनी विलायतेहून चित्रीकरणाचे यंत्र मागविले आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधील कुस्तीचे चित्रण केले. भारतीयाने केलेल्या आद्य चित्रणांत त्याची गणना होते. केंब्रिजला सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रणही त्यांचेच. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा सेस्तिएच्या खेळास जवळजवळ सतरा वर्षे होत आली होती.

एक आख्यायिका आणि ‘हॉटेल’ या शब्दाचे भाग्य

जमशेटजी टाटा यांना वॉटसन्समध्ये प्रवेश नाकारला गेला व त्या अपमानातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा सर्वतोमुखी आहे. काही ठिकाणी ती वॉटसन्सऐवजी पाइक्स अपोलो हॉटेलसंबंधी सांगितली जाते, यावरूनच तिचे स्वरूप ध्यानात यावे. तत्कालीन पुरावा तिच्या पाठीशी नाही आणि चार्ल्स ॲलन यांसारख्या इतिहासकारांनी तिच्याविषयी शंका प्रकट केली आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची पत खालावली होती, शहरात उत्तम हॉटेलांची वानवा होती आणि जमशेटजींचे मुंबईवर प्रेम होते, ही कारणे पुरेशी सबळ वाटतात. तरीही ही कथा टिकली, याचे कारण तिच्यात व्यक्त झालेला वर्णभेद खरा होता. विशिष्ट घटना घडली नसेल, परंतु तशा घटना घडत नव्हत्या असे कोणीही म्हणणार नाही.

ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुविशारदाचा प्रमुख वाटा होता; त्यांच्या निधनानंतर डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी ते काम पुरे केले. बंदराला लागून असलेल्या या नव्या वास्तूपुढे वॉटसन्सचा डौल ओसरू लागला.

याच सुमारास मुंबईत अगदी वेगळ्या प्रकारची हॉटेले निघत होती. इराणातील यज्द व केरमान भागांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी रस्त्यांच्या कोपऱ्यांवर चहा, ब्रून व मस्का देणारी दुकाने थाटली. धोबीतलाव येथील कयानी (१९०४), ग्रँट रोड स्थानकाजवळील मेरवान (१९१४), बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया (१९२३) ही त्यांतील ठळक नावे. इराणी समाजाचा दुसरा प्रवाह डहाणू, घोलवड, बोर्डी या पट्ट्यात स्थिरावला व चिकूच्या बागांशी जोडला गेला. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे चहाचे दुकान हा अर्थ रूढ होण्यात या इराण्यांचा वाटा मोठा असावा. निवासाची जागा दर्शविण्यास आपल्याकडे धर्मशाळा होती, पुढे लॉज आले. ‘हॉटेलात जाऊन येतो’ म्हणणारा मराठी माणूस मात्र मुक्कामाला जात नाही, चहाला जातो. ज्या शब्दाने वॉटसनच्या दारावर बहुसंख्यांना अडविले, तो शब्द एका आण्याच्या चहाबरोबर सर्वांचा झाला.

हॉटेलाची चाळ

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वॉटसन्सचे हॉटेल म्हणून असलेले अस्तित्व संपुष्टात आले होते. खोल्यांचे लहान लहान गाळ्यांत विभाजन झाले व ते भाड्याने दिले गेले. इमारत एस्प्लनेड मॅन्शन या नावाने ओळखली जाऊ लागली. सत्र न्यायालय व उच्च न्यायालय हाकेच्या अंतरावर असल्याने वकिलांची कार्यालये येथे मोठ्या संख्येने आली. जोडीला टंकलेखनाची व छायाप्रतींची दुकाने, किरकोळ व्यवसाय आणि राहती कुटुंबे. मधल्या दालनावरील काचेचे छत गेले आणि जेथे नृत्यसमारंभ होत तेथे अडगळ साचली. सज्जे आडोसे घालून बंद करण्यात आले.

या अवनतीचा दोष केवळ मालकास वा केवळ भाडेकरूस देणे सोपे, पण अपुरे आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण अधिनियमाच्या मूळ शीर्षकातच भाड्याबरोबर ‘हॉटेल व निवासगृह दर’ यांचा उल्लेख होता. महायुद्धोत्तर टंचाईत भाडेकरूस संरक्षण देणे हे त्याचे उद्दिष्ट न्याय्य होते. परंतु भाडी गोठली आणि दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. दुरुस्तीत मालकाचा फायदा उरला नाही. सोडून जाण्यात भाडेकरूचा फायदा नव्हता. अशा इमारतींसाठी शासनाने दुरुस्ती उपकर बसविला व दुरुस्ती मंडळ स्थापन केले. पण मंडळाच्या दृष्टीने दक्षिण मुंबईतील हजारो उपकरप्राप्त इमारतींप्रमाणेच हीही एक होती. ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची निगा राखणे हे वीट-चुन्याच्या चाळीच्या डागडुजीपेक्षा निराळे शास्त्र आहे. समुद्राची खारी हवा, मुरणारे पावसाचे पाणी व सांधे उकलविणारा गंज यांना सरकारी दरपत्रकात स्वतंत्र रकाना नसतो.

मुंबईत वारसा वास्तूंच्या संरक्षणाचे नियम १९९५ मध्ये लागू झाले व ही इमारत संरक्षित यादीत आली. नियमाने मोडतोडीस बंदी घातली, परंतु जतनासाठी पैसा पुरविला नाही. जुलै २००५ मध्ये पश्चिमेकडील सज्ज्याचा काही भाग कोसळून एका व्यक्तीचा बळी गेला. जागतिक स्मारक निधी या संस्थेने आपल्या २००६ च्या सूचीत जगातील शंभर अतिधोकाग्रस्त स्थळांमध्ये तिचा समावेश केला. लक्ष वेधले गेले, प्रत्यक्षात हालचाल झाली नाही. २०१८ मध्ये पुन्हा सज्ज्याचा भाग रस्त्यावर कोसळला. त्यानंतर प्रकरण उच्च न्यायालयापुढे गेले आणि २०१९ मध्ये इमारत रिकामी करण्यात आली.

पाडावी की राखावी

२०१९ मध्ये भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई यांनी दिलेल्या अहवालात इमारत दुरुस्तीपलीकडे गेली असून ती पाडणे योग्य, असे मत नोंदविले गेले. संवर्धन क्षेत्रातील वास्तुविशारदांनी त्यास तीव्र आक्षेप घेतला. या वादात दोन्ही बाजूंचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे.

पाडण्याच्या बाजूने असलेला युक्तिवाद निखळ सुरक्षिततेचा आहे. ओतीव लोखंड पूर्वसूचना न देता तडकते, हे वर सांगितलेच आहे. गर्दीच्या रस्त्यावर, न्यायालयात ये-जा करणाऱ्या शेकडो लोकांच्या माथ्यावर असा सांगाडा उभा ठेवणे म्हणजे जुगार होय. २००५ मध्ये ज्याचा जीव गेला तो वारसाप्रेमी होता की नाही, हे विचारण्याचा अधिकार कोणास नाही. शिवाय वर्षानुवर्षे येथे कार्यालय चालविणाऱ्यांच्या उपजीविकेचा प्रश्न आहे. पुनर्बांधणी झाली तर हक्काची जागा मिळेल ही त्यांची आशा अनाठायी म्हणता येत नाही.

राखण्याच्या बाजूचा युक्तिवाद भावनिक असल्याचा समज आहे. तो खरा नाही. मुळात ही इमारत सुट्या भागांची आहे. जे भाग जहाजातून येऊन जोडले गेले, ते क्रमाक्रमाने उतरविता येतात, तपासता येतात आणि निकामी झालेल्या भागाच्या जागी नवा भाग ओतून बसविता येतो. वीट-चुन्याच्या इमारतीत हे इतक्या सुटसुटीतपणे साधत नाही. कोसळले ते प्रामुख्याने सज्जे; मुख्य सांगाड्याची स्थिती व सज्ज्यांची स्थिती यांत भेद करावयास हवा. नंतर घातलेले आडोसे, पोटमाळे व न्हाणीघरे काढून टाकल्यास सांगाड्यावरचा भार कमी होईल. खर्च प्रचंड येईल हे खरे, पण तो एका खासगी मालकाने किंवा काही भाडेकरूंनी सोसावा अशी अपेक्षा ठेवून जगातील कोणतीही अशी वास्तू वाचलेली नाही.

तांत्रिक दृष्ट्या दुसरी बाजू अधिक वजनदार वाटते. सामाजिक दृष्ट्या पहिलीला उत्तर दिल्यावाचून दुसरीला पुढे जाता येणार नाही. भाडेकरूंच्या पुनर्वसनाची हमी आणि सांगाड्याची भागवार तपासणी या दोन गोष्टी एकाच निर्णयात याव्या लागतील, कारण आजवर त्या वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या फायलींत राहिल्या आणि म्हणूनच दोन्ही रखडल्या.

या इमारतीच्या समकालीनांपैकी शिअरनेसचे कोठार अद्याप उभे आहे. न्वाझिएलचा कारखाना चॉकलेटचे उत्पादन थांबल्यावरही जपला गेला. शिकागोची होम इन्शुरन्स इमारत १९३१ मध्ये पाडण्यात आली. ती पाडताना तिचा सांगाडा नेमका कसा होता, हे ठरविण्यासाठी तज्ज्ञांची समिती नेमावी लागली होती, आणि तिचा अभ्यास आता त्या समितीची टिपणे व जुनी छायाचित्रे यांच्यावरूनच करावा लागतो.